सानपाड्याच्या मासळीचा खुलासा

मी नोकरीभर सरकारी पगारावर वर्तमानपत्रं वाचली. हे ऐकलं की लोकांना माझा हेवा वाटतो. नवऱ्यालाही वाटायचा. तो बिचारा सकाळी मथळ्यांवरून नजर फिरवत चहा ढोसून पळायचा आणि मी ऑफिसात जाऊन तेच पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचायचे. "तुझी नोकरी म्हणजे रोजचा रविवार," असं तो म्हणायचा. आता निवृत्त झाल्यावर सांगते, तो रविवार नव्हता. त्या पेपरांनी कितीतरी सकाळी मला धास्तावून सोडलं आहे.

कार्यालयाचं नाव सांगणार नाही, पेन्शन अजून तिथूनच येतं. नवी मुंबईतलं एक सरकारी कार्यालय, एवढं पुरे. रस्ते, गटारं, तलाव, फेरीवाले अशी सगळी उस्तवार आमच्या गळ्यात. तिथल्या जनसंपर्क विभागात मी कात्रणं काढत असे. ज्या बातमीत आमचं काम किंवा आमची नालस्ती असेल (बहुतेक वेळा दुसरंच) ती कापायची, फुलस्केप कागदाच्या डाव्या बाजूला डिंकानं चिकटवायची, वर पेपरचं नाव आणि तारीख टाकायची आणि उजवी बाजू कोरी ठेवायची. ती कोरी बाजू मोठ्या साहेबांची. साहेब आले की पाण्याच्या ग्लासाच्याही आधी हा गठ्ठा त्यांच्या टेबलावर हवा.

साहेब तिथे हिरव्या शाईनं शेरा मारत. नुसतं 'पाहिले' असेल तर सगळे सुटले. 'खुलासा करावा' असेल तर आमचा विभाग कामाला लागला. आणि 'तातडीने कार्यवाही' असेल तर ज्याच्या नावानं शेरा आहे त्याचा दुपारचा डबा तसाच राहायचा. अर्जांचं तसं नव्हतं. अर्ज यायचे, शिक्का घ्यायचे आणि स्वस्थ बसायचे. कात्रण मात्र त्याच दिवशी चालायला लागायचं.

एकदा एका पेपरानं रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो छापला. साहेबांनी शेरा मारला, संध्याकाळपर्यंत खड्डा बुजवला. अगदी तोच. त्याच्या शेजारी त्याचे सख्खे भाऊ शोभतील असे आणखी खड्डे होते, त्यांना कुणी हात लावला नाही, कारण ते फोटोत आले नव्हते. मी त्या इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, अनुपालन फोटोचं द्यायचंय, रस्त्याचं नाही." शेऱ्याप्रमाणे काम झालं असं कळवणं म्हणजे अनुपालन, तेव्हा त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडची रीतच ती होती.

लोकही आमच्यापेक्षा हुशार. त्यांना ही रीत लवकरच कळली. नेरूळचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या दारातलं गटार तुंबलं होतं. ते थेट माझ्या टेबलापाशी आले आणि विचारलं, "बाई, गटाराची बातमी यायला काय करावं लागतं?" मी म्हटलं, "आधी अर्ज करा." तर म्हणाले, "अर्जांचं करून झालं. आता बातमीचंच बघतो." पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गटाराचा फोटो आला, शेजारी ते स्वतः नाकाला रुमाल लावून उभे. गटार साफ झालं. त्यांनी मला पेढे आणून दिले आणि मी ते खाल्ले.

असं गमतीत चाललेलं होतं. नव्वदच्या दशकात त्या मासळीच्या प्रकरणानं मात्र माझी गंमत जिरवली.

आम्ही तेव्हा सानपाड्याला नुकतेच राहायला गेलो होतो. त्याआधी लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत वर्षं काढलेली, त्यामुळे दोन खोल्या आणि स्वतःचा नळ म्हणजे राजवाडाच वाटायचा. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांना नव्या घरातलं काहीच आवडलं नव्हतं, फक्त एक सोडून. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला काही बायका मासळी घेऊन बसायच्या. त्यातली मथुराबाई ही सासूबाईंची खास. मथुराबाईचं माहेर तिथलंच, सानपाडा गावातलं. लग्न होऊन ती करावे गावात गेली. नवरा आणि दीर खाडीत जाळी टाकायचे आणि ही ताजी मासळी टोपलीत घालून माहेरच्या रस्त्यावर विकायला बसायची. सासूबाई बोंबील बोटानं दाबून बघायच्या, नाक मुरडायच्या, भाव पाडायच्या, आणि दोघींची अर्धा तास जुंपली की दोघींचाही दिवस चांगला जायचा.

एका सकाळी मी ऑफिसात पेपर उघडला आणि नवी मुंबईच्या पानावर मोठा फोटो दिसला. पाण्यावर मेलेल्या माशांचा थर, मागे दगडी भिंत. मथळा होता, 'सानपाड्यात मृत माशांचा खच. हेच मासे बाजारात?' शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह घातलं की पेपरला कोणी काही म्हणू शकत नाही, पण वाचणारा ते प्रश्नचिन्ह बघतच नाही. बातमी लिहिली होती वाशीचे वार्ताहर पत्की यांनी. पत्की आमच्याकडे रोज येत. बोलायला गोड, चहा मागून घेणारे आणि चौकस. खाडीच्या पाण्यात कसलंतरी रसायन आलं असावं, आजूबाजूचे विक्रेते तीच मासळी विकत असतील तर रहिवाशांच्या जिवाशी खेळ आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी कापून, चिकटवून साहेबांकडे पाठवलं. शेरा आला, 'खुलासा करावा.'

आता खुलासा म्हणजे काय ते सांगते. आमची पद्धत ठरलेली होती. आधी बातमीत काय आरोप आहे तो सविस्तर सांगायचा, मग तो निराधार आहे असं म्हणायचं, आणि तो कागद गावातल्या सगळ्या पेपरांना पाठवायचा. बातमी एकाच पेपरात आलेली असली तरी खुलासा सगळ्यांना, कारण एकालाच दिला तर बाकीचे वार्ताहर रुसतात. मी आमच्या अधिकाऱ्यांना म्हटलंसुद्धा, "सर, ही बातमी एकाच पेपरात आहे. सगळ्यांना कशाला कळवायची?" ते म्हणाले, "सावंतबाई, प्रघात आहे." प्रघातापुढे कुणाचं चालतं?

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकसारखी चौकट. 'सानपाड्यातील मासळी विषारी नाही, प्रशासनाचा दावा.' ज्यांनी आदल्या दिवशीची बातमी वाचलीच नव्हती त्यांनाही त्या दिवशी कळलं की मासळी विषारी असल्याची चर्चा आहे. आणि 'दावा' हा शब्द मराठी माणूस कसा वाचतो ते मला घरी गेल्यावर समजलं. सासूबाई पेपर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"सरकार नाही म्हणतंय ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे असणार."

त्या रात्री आमच्या घरात पडवळाची भाजी झाली. सासूबाईंनी मासळी सोडली म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे हे मला त्या पडवळावरून कळलं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कारखानीस. त्यांनी कात्रणाची झेरॉक्स काढून जिन्याखालच्या फळ्यावर लावली, खाली लाल पेनानं लिहिलं, 'सभासदांनी काळजी घ्यावी.' हा माणूस काही वाईट नव्हता. उलट खाण्याचा एवढा शौकीन की त्यांच्याकडे कोलंबी शिजली की चौथ्या मजल्यापर्यंत कळायचं. पण त्यांच्या घरी लहान नातू होता आणि ते धास्तावले. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सह्या गोळा केल्या, कात्रणं जोडली आणि शिष्टमंडळ घेऊन ते थेट आमच्या साहेबांना भेटले. 'आरोग्याच्या दृष्टीने मासळी विक्रेत्यांना तेथून हटवावे.' जाताना त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "वहिनी, तुमच्या ऑफिसात काम पटकन होतं हो!"

खरंच पटकन झालं. त्या सह्या-कात्रणांचा गठ्ठा फाइलला लावायला माझ्याकडे आला तेव्हा त्यावर हिरवी शाई होती. 'सानपाडा येथील अनधिकृत मासळी विक्रेते सोमवारी हटवावेत. अनुपालन सादर करावे.' अतिक्रमण विभागानं गाडी आणि माणसंसुद्धा ठरवून टाकली होती.

त्या संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी येत होते. रस्त्याच्या कडेला मथुराबाई एकटीच बसली होती. बाकीच्या बायका येईनाशा झाल्या होत्या. तिच्या टोपलीतला माल तसाच, वर ओलं फडकं. लोक तिच्यापाशी आले की जरा लांबून वळसा घेत होते. मलाही मान खाली घालून निघून जावंसं वाटलं, पण तिनंच हाक मारली.

"वैनी, तू हापिसात हायेस ना? मंग सांग त्यांना. आमचा म्हावरा ताजा हाय. आमची पोरा त्योच खातात. कोन मेलाय?"

मी म्हटलं, "मथुराबाई, पेपर आमचा नसतो गं. आम्ही नाही छापत."

"कोनी का छापना. तुमी वाचताव ना? मंग तुमीच सांगा." मग तिचा आवाज खाली आला. "सोमवारी गारी येनार, असा आयकलाय. खरा हाय काय?"

मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिला कळलं.

"ही जागा एकदा सोरली का परत नाय मिलाची," ती म्हणाली. "दुसरा कोन तरी येऊन बसंल. इथं माज्या बापाचा शेत व्हता, वैनी. तुजी बिल्डिंग उबी हाय, तिथं आमी भात लावायचो. शेत गेला, त्याचा काय बोलाचा नाय. पन बसाया एवरीशी जागा तरी ऱ्हाऊ दे ना."

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. नोकरीत कात्रणांमुळे माणसांची धावपळ झालेली मी पाहिली होती, पण ती आमच्याच माणसांची. इंजिनिअरचा डबा राहिला तर राहिला. इथे एका बाईचं बसणं जाणार होतं, आणि ते कात्रण माझ्या कात्रीनं कापलेलं होतं. तो माझा गुन्हा होता असं मी म्हणत नाही, ते माझं कामच होतं. पण जीव काही कामकाजाच्या नियमानं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या तलावांचं काम बघणारे इंजिनिअर चौगुले माझ्याकडे कसलातरी कागद घ्यायला आले. अबोल माणूस, कोल्हापूरकडचे. माझ्या टेबलावर तो फोटो पडलेला. त्यांनी तो उचलला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि खुर्चीत बसले.

"ही भिंत माझी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही खाडी नव्हे, बाई. आपला तलाव हाय."

नवी मुंबई खाडीकाठी, सखल जमिनीवर वसलेली. भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये आणि पावसाचं पाणी साठायला जागा असावी म्हणून ठिकठिकाणी तलाव केलेले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये लोखंडी झडपा असतात. त्या हलत्या राहिल्या तर पाणी बदलत राहतं. सानपाड्याच्या तलावाची झडप गोण्या आणि प्लॅस्टिक अडकून बंद पडली होती. पाणी साचलं, कुजलं आणि आतले मासे गुदमरून मेले. रसायन नाही, विष नाही. आणि त्या तलावात कुणी मासेमारी करतच नाही, तिथला मासा टोपलीत येण्याचा प्रश्नच नव्हता. चौगुल्यांनी माणसं लावून झडप मोकळी करून घेतली होती, मेलेले मासे उचलले होते आणि गप्प बसले होते.

"तुम्ही पेपर वाचला नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"खुलासा वाचला," ते म्हणाले. "त्यात खाडी म्हटलं होतं. मला वाटलं दुसरीकडचं काहीतरी असेल. फोटो आत्ता बघतोय."

आमच्या ऑफिसची ही खासियत. ज्याच्या कामाबद्दल खुलासा द्यायचा त्याला विचारायची पद्धत नव्हती.

मी त्यांना सोमवारच्या गाडीचं सांगितलं. चौगुल्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. झडप वेळेवर साफ न झाल्याचं छापून आलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं, आणि त्यांची बढती त्याच वर्षी होती. मग ते उठले. "चला साहेबांकडे," म्हणाले. "आत्ताच. थोडा वेळ गेला तर मी जायचो नाही."

मोठ्या साहेबांसमोर उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. इतकी वर्षं माझा गठ्ठा आत जायचा, मी नाही. साहेब सगळं ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती आणि ती जास्त भीतिदायक होती. चौगुल्यांनी चार वाक्यांत सांगितलं. साहेबांनी विचारलं, "याचं उत्तर कोण देणार?"

"मी, सर."

"झडप आता कशी आहे?"

"मोकळी आहे, सर. कालच्या भरतीला पाणी फिरलंय."

साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.  मग ते माझ्याकडे वळले.

"सावंतबाई, मी शेरा कात्रणावर मारलाय. शंभर लोकांच्या सह्या त्याला जोडलेल्या आहेत. तुमच्या तोंडी सांगण्यावरून तो फिरवला तर उद्या तेच लोक पेपरात जातील की साहेब मासेवाल्यांना फितूर झाले. कात्रणावरचा शेरा मी कात्रणावरच फिरवीन. छापून आणा."

मी म्हटलं, "सर, यात आपल्या झडपेचं येईल."

"येऊ दे. नीट झाली आहे ना? सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर असलं पाहिजे. गाडी निघायच्या आधी."

बाहेर आल्यावर चौगुले म्हणाले, "माणूस बरा आहे की." मला हसू आलं आणि रडूही. एवढं मोठं कार्यालय, त्यात खरं काय ते सगळ्यांना कळलेलं, आणि ते खरं आत यायला पेपरातूनच वळसा घालून यायला हवं होतं.

पत्कींचं ऑफिस वाशीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. एक टेबल, एक फॅक्स मशीन आणि चहाचे ग्लास. मी आधी कधी तिथे गेले नव्हते. मला बघून ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही? काय, माझं निधन झालं की काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"टेन्शन दिलंत हो. म्हणजे माझी बातमी चुकली असं छापू? बाई, आम्ही खुलासा आतल्या पानावर घेतो. चार ओळी."

"चार ओळी साहेब वाचत नाहीत."

"मग मी काय करू? माझा संपादक मला ठेवेल का?"

मी जराशी तापले. "पत्की, मासे मेलेले तुम्ही बघितलेत, ते खरं. खाडी कुठे बघितलीत? बायकांच्या टोपलीत ते मासे बघितलेत?"

ते फॅक्सचा कागद उलगडत आणि गुंडाळत बसले. मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली, आणि मला कळलं की बातमी सापडली.

"आमच्या वृत्तामुळे प्रशासनाला जाग आली की नाही? झडप साफ केली की नाही?"

चौगुल्यांनी झडप साफ केली तेव्हा त्यांनी यांची बातमी पाहिलीही नव्हती. पण मी म्हटलं, "झडप साफ झालीय."

"झालं तर! 'वृत्ताची दखल, तलावाची झडप अखेर मोकळी.' ही बातमी वरच्या अर्ध्या पानात बसेल. मी उद्या रविवारी स्वतः जाऊन बघतो, फोटो काढतो."

मनात म्हटलं, आग लावलीस तूच आणि बंबाचा मानही तूच घे. पण मला बंब हवा होता. "घ्या तुमची दखल," मी म्हटलं. "फक्त एक वाक्य माझं हवं. मेलेले मासे त्या तलावातले होते आणि ते विक्रीला आलेच नव्हते. ते पहिल्या परिच्छेदात टाका."

"शेवटी टाकतो ना."

"शेवटचा परिच्छेद तुमची माणसं जागा कमी पडली की कापतात. रोज कात्री चालवते मी, मला माहीत आहे."

पत्की मोठ्यानं हसले. "दुसऱ्या परिच्छेदात. त्याच्या वर नाही. आणि चहा घ्या."

रविवार कसा गेला ते विचारू नका. दुपारी पत्की तलावावर गेल्याचं दिसलं, चौगुले त्यांना झडप हलवून दाखवत होते. पण वार्ताहरानं लिहिलेलं छापून येईपर्यंत कुणाचं काही खरं नसतं. कुठे अपघात झाला, कुठे पुढारी पक्ष सोडून गेला, की आमची झडप पानाबाहेर.

सोमवारी मी पहिल्या गाडीनं ऑफिस गाठलं. आवारात अतिक्रमणची गाडी उभी होती, माणसं चहा पीत होती. शिपाई पेपरांचा गठ्ठा घेऊन आला तो मी त्याच्या हातातूनच ओढला. नवी मुंबईचं पान उघडलं. वर डाव्या कोपऱ्यात झडपेचा फोटो, शेजारी चौगुले, हसायचं की नाही ते न ठरवलेल्या चेहऱ्यानं. मथळा, 'वृत्ताची दखल.' पहिला परिच्छेद सगळा पेपरच्या कौतुकाचा. दुसरा मी ओळीवर बोट ठेवून वाचला. 'सदर मृत मासे तलावातील असून ते विक्रीसाठी आलेले नव्हते. करावे व परिसरातील विक्रेत्यांच्या मासळीशी त्यांचा संबंध नाही.' वाक्य होतं. माझ्या वाक्याहून चांगलंच होतं. पत्कींना मी मनातल्या मनात दोन्ही हात जोडले.

एवढ्या वर्षांत माझं कात्रण कधी वाकडं कापलं गेलं नव्हतं, ते त्या दिवशी गेलं. तसंच चिकटवलं. साहेब आले. मी बाहेर उभी. तेवढ्यात आवारात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आत घंटा वाजली. शिपाई कागद घेऊन बाहेर आला. ओल्या हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'पाहिले. सानपाडा मासळी विक्रेत्यांबाबतची कारवाई स्थगित. गाडी तलावातील कचरा उचलण्यास पाठवावी.'

मी स्टेशनरीच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पोटभर रडले. दुःखानं नव्हे, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. चौगुले मला शोधत आले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या टेबलापाशी बसून चहा घेतला. त्यांना साहेबांनी नोटीस दिली, त्यांनी उत्तर दिलं, आणि बढती थोडी उशिरा पण मिळाली. ते नंतर म्हणायचे, बाई, झडपेपेक्षा माझंच तोंड जास्त अडकलं होतं.

एक रुखरुख मात्र राहिली. साहेबांनी 'स्थगित' लिहिलं, 'रद्द' नाही. सरकारी हिरव्या शाईला 'रद्द' हा शब्द सहसा येत नाही. त्या बायकांना बसायचा परवाना मिळावा म्हणून मी पुढे बरेच कागद फिरवले, पण ते कागदच होते, कात्रणं नव्हती. मी निवृत्त झाले तोवर त्या बायका त्या स्थगितीवरच बसत होत्या. पण बसत होत्या.

त्या आठवड्याच्या शेवटी पत्की कॅमेरावाल्याला घेऊन सानपाड्यात आले. 'ग्राहक परतले' अशी बातमी त्यांना करायची होती. बायका सगळ्या परत आल्या होत्या, टोपल्या भरलेल्या होत्या, आणि गिऱ्हाईकांचा घोळका जमला होता. सासूबाई सगळ्यांच्या पुढे उकिडव्या बसून पापलेटाची खोट काढत होत्या. मी त्यांची पिशवी धरून उभी. आणि घोळक्याच्या मागच्या बाजूला, टोपी भुवयांपर्यंत ओढून, कारखानीस. मला बघून त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

पत्कींनी त्यांना लगेच ओळखलं. सह्यांचं शिष्टमंडळ त्यांनीच तर छापलं होतं. "अरे वा! सेक्रेटरीसाहेब! एक फोटो होऊन जाऊ दे. तुम्ही मासळी घेताना. याहून चांगला फोटो मिळणार नाही!" कॅमेरावाला पुढे सरसावला. कारखानीसांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला खरं सांगायचं तर मजा वाटत होती. म्हटलं, होऊन जाऊ दे, फळ्यावर लावायला तेवढंच एक कात्रण.

मथुराबाई उठून उभी राहिली. हातात कोयता तसाच. ती कारखानीस आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आली.

"त्याचा फोटू नको काढू," ती पत्कींना म्हणाली.

"अगं बाई, तुझ्याच फायद्याचं आहे. लोकांना कळेल."

"लोकांना कलंल, आन् हा उद्यापासून लाजंल. परत येयाचा नाय." तिनं कारखानीसांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि त्यात बोंबील टाकले. "जा रे दादा तू. घरी नातू वाट बगत असंल."